येशूने आधीच सांगितलं होतं, मग पेत्राला पर्याय होता का?

उंबरठा

आमच्या चर्चच्या तरुण संघात सध्या मार्कच्या शुभवर्तमानाचा अध्याय १४ चालू आहे. भोजन आटोपतं, स्तोत्र म्हणून सगळे जैतुनांच्या डोंगराकडे निघतात आणि येशू आपल्या शिष्याला, पेत्राला, सांगतो की आज रात्रीच, कोंबडा दोनदा आरवण्याआधी, तू मला तीनदा नाकारशील (१४:३०). पेत्र म्हणतो, मरावं लागलं तरी नाकारणार नाही. पुढच्या काही तासांत, मुख्य याजकाच्या अंगणात, येशूला ओळखत असल्याचे तीनही नकार होतात.

प्रश्न उघड आहे. येशूचं बोलणं खोटं ठरणं शक्य नव्हतं, तर पेत्राला त्या अंगणात खरं बोलायची सोय होती का? नसेल, तर त्याने नंतर रडायचं कशासाठी?

"माहीत असणं म्हणजे करायला लावणं नव्हे" हे उत्तर सगळ्यांना पाठ आहे. ते चुकीचंही नाही, पण ते दिल्यावर प्रश्न जागचा हलत नाही. ते नेमकं कुठे तोकडं पडतं? ख्रिस्ती परंपरेत कोणी कोणतं उत्तर दिलं, आणि त्यापायी काय सोडावं लागलं? वर्गाला ४५ मिनिटं आहेत. "देवाचे मार्ग अगम्य" हे शेवटी म्हणायला हरकत नाही, पहिल्याच मिनिटाला नको.

तर्कटी

आधी मराठीतल्या "च"कडे बघा. निम्मा घोळ तिथेच आहे.

(अ) पेत्र नाकारेल हे देवाला माहीत असेल, तर पेत्र नाकारेल: हे असं असणारच.
(आ) पेत्र नाकारेल हे देवाला माहीत असेल, तर पेत्र नाकारणारच.

(अ)मध्ये "च" सबंध जर-तरच्या दुव्यावर बसलाय. (आ)मध्ये तो घसरून एकट्या पेत्राच्या कृतीवर आला. (अ) निर्विवाद आहे, कारण खोटी गोष्ट कुणाला "माहीत" नसते, फार तर "वाटते". पण (अ)वरून (आ) निघत नाही. तुम्ही बसलेले मला दिसताय, तर तुम्ही बसलेले असणारच; म्हणून तुम्हाला उठता येत नव्हतं असं काही ठरत नाही. बसलेल्या माणसाचं हे उदाहरण सहाव्या शतकातल्या रोमन तत्त्वज्ञ बोएथियसपासून चालत आलंय. मध्ययुगीन पंडित दुव्याची अटळता आणि गोष्टीची अटळता या दोन वेगळ्या मोजायचे.

पाठ असलेलं उत्तर इथवर पोचतं आणि दमतं. कारण युक्तिवादाची खरी, मजबूत मांडणी वेगळी आहे:

१. त्या रात्रीच्या कितीतरी आधी, समजा दावीद राजाच्या काळी, देवाने जाणलं होतं की पेत्र नाकारेल.
२. होऊन गेलेलं आता कुणाच्या हातात नसतं.
३. देवाचं जाणणं चुकूच शकत नाही.
४. हातात नसलेल्या गोष्टीतून जे अपरिहार्यपणे निघतं, तेही हातात नसतं.
५. म्हणून नाकारणं टाळणं पेत्राच्या हातात नव्हतं.
६. जे टाळणं हातात नाही, ते मोकळेपणाने केलेलं नव्हे.
७. म्हणून पेत्र मोकळा नव्हता.

यात "च" घसरलेला नाही. अटळपणा आता पायरी २ मधून, म्हणजे भूतकाळाच्या पक्केपणातून येतो. आणि देवाने पेत्राला ढकललं असं एकही पायरी म्हणत नाही. म्हणून "जाणणं म्हणजे ढकलणं नव्हे" हा बाण नेम चुकून जातो. ज्या पायरीवर तो मारायचा ती इथे नाहीच. १९६५ साली अमेरिकन तत्त्वज्ञ नेल्सन पाइक यांनी हा युक्तिवाद नव्याने मांडला, तेव्हापासूनची चर्चा याच पायऱ्यांभोवती आहे.

पायरी ३ ला हात लावला तर सर्वज्ञताच गेली. ५ आणि ७ हे निष्कर्ष. उरल्या १, २, ४ आणि ६. या चारांपैकी प्रत्येकीवर ख्रिस्ती विचारवंतांचा एकेक गट उभा आहे. वर्गात एवढं एकच विचारा: तुम्ही कोणती पायरी काढता?

जुनी_पोथी

"च"चा मुद्दा झकास. मी पायरी १ आणि २ घेते.

तुमच्या मुलांचा प्रश्न दुसऱ्या शतकातला आहे. सेल्सस नावाच्या ख्रिस्तविरोधी लेखकाने जवळपास हेच विचारलं होतं: येशू देव असून त्याने भाकीत केलं, म्हणजे ते घडणं भाग होतं, मग त्यानेच आपल्या शिष्यांना विश्वासघातकी केलं ना? २४८ च्या सुमारास ओरिजेन या ख्रिस्ती पंडिताने त्याला सविस्तर उत्तर दिलं. भाकीत केल्यामुळे घटना घडत नाही, घटना घडणार असते म्हणून भाकीत करता येतं, हा त्याचा गाभा. सोबत त्याने ग्रीकांचा जुना "आळशी युक्तिवाद" काढला. बरं होणं नशिबात असेल तर वैद्य बोलावला न बोलावला तरी बरा होशील, मग वैद्य कशाला? त्यावर टोला असा: मूल होणं नशिबात असेल तर बायकोजवळ गेलास न गेलास तरी होईलच, नाही का? हा टोला तरुण संघात सांगायचा की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

पायरी १ वर बोएथियस. थिओडोरिक राजाच्या कैदेत, मृत्युदंडाच्या छायेत, ५२४ च्या आसपास त्याने जे लिहिलं त्याचा पाचवा भाग याच प्रश्नावर आहे. देवाचं अनंतत्व म्हणजे खूप लांब काळ नव्हे, तर अमर्याद जीवन सगळंच्या सगळं एकदम हाती असणं. देवाला "आधी" नाहीच. त्यामुळे "दावीदाच्या काळी देवाने जाणलं" हे वाक्यच बिघडलेलं आहे. देव पुढचं बघत नाही, नुसतं बघतो. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने याला चित्र दिलं: वाटेने चालणाऱ्याला मागून येणारे दिसत नाहीत, पण उंचावरून बघणाऱ्याला वाटेवरचे सगळे एकदम दिसतात. आपल्याकडे घाटात कुठेही उभं राहून हे समजावता येईल. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथाचा परिच्छेद ६०० याच धाटणीने सांगतो की देवाला काळाचे सर्व क्षण प्रत्यक्ष वर्तमानच आहेत.

पण पेत्राच्या बाबतीत इथे फट पडते. देवाचं जाणणं काळाबाहेर असेल, येशूचं वाक्य काळाबाहेर नाही. ते त्या रात्री, वाटेवर, तोंडाने बोललं गेलं आणि अंगणातल्या शेकोटीपर्यंत ते भूतकाळात जमा झालं होतं. माथ्यावरून बघणाऱ्याने खाली ओरडून सांगितलं की तो वाटेवरचाच आवाज झाला. म्हणजे पायरी १ काढली तरी "येशू तसं बोलला" ही पायरी तिच्या जागी येऊन बसते. म्हणूनच साध्या पूर्वज्ञानापेक्षा भाकितं जड जातात. शिवाय दुसरी शंका आहेच: भूतकाळ माझ्या हातात नाही म्हणता, तर अनंतत्व तरी कुठे माझ्या हातात आहे?

पायरी २ वर इंग्रज तत्त्वज्ञ ऑकमचा विल्यम (मृत्यू १३४७). तो म्हणतो, सगळा भूतकाळ सारखा पक्का नसतो. उदाहरण मराठीतलं घेते. "लोकमान्य टिळक १८५६ साली जन्मले" हे १८५६ सालीच पुरतं पक्कं झालं. "टिळक आपल्या मृत्यूच्या ६४ वर्षं आधी जन्मले" हे वाक्य दिसायला १८५६ चंच आहे, पण १९२० चा ऑगस्ट उजाडेपर्यंत ते पक्कं नव्हतं. ऑकमच्या मते "पेत्र नाकारेल हे देवाने जाणलं" हे दुसऱ्या जातीचं वाक्य आहे: रूप भूतकाळाचं, भार भविष्यावर. भाकितांबद्दल त्याचं म्हणणं होतं की भविष्यातल्या मोकळ्या गोष्टींबद्दलची सगळी भाकितं सशर्त असतात, "जर" दिसो वा न दिसो. योना संदेष्ट्याचं "चाळीस दिवसांनी निनवे उलथून पडेल" (३:४) हा नमुना. शहराने पश्चात्ताप केला आणि ते पडलं नाही. पेत्राच्या वाक्यात "जर" कुठे घालणार, हे मात्र ऑकमच्या चाहत्यांना आजवर झेपलेलं नाही, असं माझं मत.

जिनिव्हाची_वाट

दोन्ही प्रतिसादांत पायरी ६ न तपासता पुढे गेलात. सुधारित, म्हणजे जिनिव्हाच्या कॅल्विनची प्रोटेस्टंट परंपरा, तिचा आक्षेप तिथेच आहे. ५ मान्य करा, काय बिघडलं? त्या रात्री पेत्राच्या तोंडावर कुणी हात ठेवला नव्हता. मुख्य याजकाच्या एका दासीने विचारलं (मार्क १४:६६-६८) आणि त्याला जीव वाचवावासा वाटला म्हणून तो खोटं बोलला. आपल्याला हवं ते, दडपणाशिवाय करणं म्हणजे मोकळेपणा. "नेमकं उलटंही करता आलं असतं" ही अट पवित्र शास्त्रात कुठे आहे ते दाखवा.

आणि पूर्वज्ञान हा या परंपरेत मूळ मुद्दाच नाही. या परंपरेची वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रिका (१६४६), अध्याय ३: जे काही घडतं ते देवाने ठरवलेलं आहे, तरी तो पापाचा कर्ता ठरत नाही आणि निर्मिलेल्या जीवांच्या इच्छेवर बळजबरी होत नाही. लगेच पुढच्या कलमात असं, की पुढे घडणार हे दिसलं म्हणून देवाने काहीही ठरवलेलं नाही. म्हणजे ओरिजेनच्या बरोबर उलट: ठरवलं म्हणून ठाऊक. लूथरने १५२५ साली, इच्छास्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्या इरॅस्मसला उत्तर देताना पूर्वज्ञानाला इच्छास्वातंत्र्यावर कोसळणारी वीज म्हटलं होतं, ते उगाच नाही.

शास्त्रातले शब्दही बघा. प्रेषितांची कृत्ये २:२३ मध्ये देवाचा संकल्प, त्याचं पूर्वज्ञान आणि "तुम्ही त्याला मारलं" हे सगळं एका वाक्यात आहे. पेत्रच बोलतोय, हे विसरू नका. तिथला ग्रीक शब्द "प्रोग्नोसिस". डॉक्टर आजही तोच वापरतात, आणि त्यातला "ग्नो" हा आपल्या "ज्ञा" धातूचा सख्खा भाऊ. पण बायबलमधलं "जाणणं" नुसती माहिती नसते. आमोस ३:२ मध्ये देव इस्राएलला म्हणतो की पृथ्वीवरच्या सर्व कुळांपैकी मी तुम्हालाच जाणलं. बाकीच्या कुळांची त्याला माहिती नव्हती असं थोडंच आहे? तिथे जाणणं म्हणजे आपलं म्हणून निवडणं. रोमकरांस ८:२९ याच अर्थाने वाचा. मग "देवाने पुढे डोकावून पाहिलं कोण विश्वास ठेवेल" हे चित्र गळून पडतं.

जुनी_पोथी

@जिनिव्हाची_वाट: आमोसचा मुद्दा मान्य, पण तो निवडलेल्यांबद्दल आहे. पापाचं काय? पेत्राचा नकारही ठरवलेला, येशूला पकडून देणाऱ्या यहूदाचा घातही ठरवलेला, तर "पापाचा कर्ता ठरत नाही" हे नुसतं लिहून भागत नाही. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट परिषदेने १५४७ साली सहाव्या सत्रात नेमकी ही जोडी शापित ठरवली: पौलाचं पाचारण जितकं देवाचं काम, तितकाच यहूदाचा विश्वासघातही देवाचंच काम, असं म्हणणारा शापित (नियम ६). देव वाईट होऊ देतो आणि देव वाईट करतो यांत फरक ठेवावाच लागेल.

बाकी मार्क १४ मध्येच एक जागा आहे, ती दोघांनीही बघावी. भाकीत १४:३० ला. त्यानंतर गेथशेमाने बागेत येशू त्याच पेत्राला, "शिमोन" अशी हाक मारून, विचारतो की तुला घटकाभरही जागं राहवलं नाही का, आणि म्हणतो: मोहात पडू नये म्हणून जागे राहा, प्रार्थना करा (१४:३७-३८). भाकीत करून झाल्यावरचा हा इशारा आहे! लूक २२:३२ मध्ये तर भाकिताच्या आधीच पेत्रासाठी केलेली प्रार्थना आहे आणि "तू वळलास म्हणजे आपल्या भावांना सावर" ही पुढची कामगिरीही. इशारा, प्रार्थना, कामगिरी: हातपाय बांधलेल्या माणसाशी कुणी असं बोलत नाही.

जिनिव्हाची_वाट

किंवा असं म्हणा की इशारा हेही ठरलेल्या गोष्टीचंच एक साधन. पण जागा चांगली काढलीत, वर्गात जरूर घ्या.

कईलाचा_वेस

पायरी ४ राहिली, आणि ती काढणारा माणूस या सगळ्यांत चतुर. लुईस दे मोलिना, स्पेनचा जेझुइट, म्हणजे त्या नावाच्या कॅथलिक संघातला; त्याचा ग्रंथ १५८८ साली लिस्बनला छापला गेला.

त्याने देवाच्या ज्ञानाचे तीन थर केले. पहिला, काय काय शक्य आहे ते सगळं. तिसरा, प्रत्यक्ष काय घडणार ते. या दोहोंच्या मधला म्हणून "मध्यज्ञान": कोणता मोकळा जीव कोणत्या परिस्थितीत काय करील ते. क्रम महत्त्वाचा, कारण मधला थर देवाच्या निर्णयाच्या आधी येतो. देव बघतो की अमुक अंगणात, अमुक थंडीत, अमुक दासीने विचारलं तर पेत्र आपणहून नाकारील. हे सत्य देवाने बनवलेलं नाही. ते बघून तो ठरवतो की ही परिस्थिती येऊ द्यायची. भाकीत येतं ते यानंतर. त्यामुळे भाकिताचा पक्केपणा पेत्राच्या कृतीत झिरपत नाही, आणि पायरी ४ मधलं "हातात नसलेल्यातून निघतं तेही हातात नसतं" हे मोलिना मान्य करत नाही.

शास्त्राधार १ शमुवेल २३. दावीद कईला नगरात आहे. तो देवाला दोन प्रश्न विचारतो: माझ्या जिवावर उठलेला शौल राजा इथे येईल का? येईल. इथले लोक मला त्याच्या हाती देतील का? देतील. दावीद आपली सुमारे ६०० माणसं घेऊन निघून जातो, शौल येतच नाही, कुणी कुणाला हाती देत नाही. देवाने सांगितलेलं कधी घडलंच नाही, तरी ते खोटं नव्हतं. जोडीला मत्तय ११:२१: ही महत्कृत्यं सोर व सीदोन इथे झाली असती तर त्यांनी केव्हाच पश्चात्ताप केला असता.

मोडतं कुठे? "पेत्र अमुक परिस्थितीत नाकारील" हे वाक्य पेत्र जन्मायच्याही आधी कशामुळे खरं? देवाच्या इच्छेमुळे नाही, पेत्र तर अजून नाहीच. अधांतरी सत्य. यावर मोलिनावाद्यांचं बिनतोड उत्तर मी पाहिलेलं नाही. कईलाच्या उताऱ्यावरही विरोधक म्हणतात की देवाने फक्त तिथल्या लोकांचा त्या घडीचा कल सांगितला.

दुसऱ्या एका कॅथलिक संघाचा, डॉमिनिकन, दोमिंगो बान्येझ आणि मोलिना यांचे पक्ष इतके भिडले की रोमला समिती बसवावी लागली. १५९७ ते १६०७, दहा वर्षं. शेवटी पोप पाचवा पॉल याने कोणालाच विजयी ठरवलं नाही; दोन्ही पक्षांनी एकमेकांना पाखंडी म्हणू नये, एवढा आदेश दिला. कॅथलिक चर्चमध्ये हा वाद त्या अर्थाने अजून उघडाच आहे.

एक पक्ष राहिला, तोही पायरी १ वरचा, पण बोएथियसच्या उलट टोकाचा. मोकळ्या कृती घडेपर्यंत त्यांच्याबद्दल जाणण्यासारखं पक्कं काही नसतंच, म्हणून देवाला ते ठाऊक नसणं ही उणीव नव्हे. १९९४ पासून अमेरिकेत क्लार्क पिनॉक आणि सहकाऱ्यांनी हे जोरात मांडलं. आधार म्हणून उत्पत्ती २२:१२ मध्ये अब्राहामाला म्हटलेलं "आता मला कळलं". सदर्न बाप्टिस्ट या अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट पंथाने २००० साली विश्वासपत्रिका सुधारली तेव्हा देवाचं ज्ञान मोकळ्या जीवांच्या भावी निर्णयांसह सर्वांवर पसरलेलं आहे असं मुद्दाम घातलं. पेत्राबद्दल हे लोक म्हणतात की येशूला त्याचा स्वभाव पुरता ठाऊक होता. भित्रेपणा स्वभावावरून ओळखता येईल हो, "तीनदा" कसं ओळखणार?

उंबरठा

सगळ्यांचे आभार. यातलं ४५ मिनिटांत काय बसवू? आणि कोणीतरी यहूदा काढणार, हे नक्की.

तर्कटी

पहिली ५ मिनिटं उतारा: १४:२७-३१, ३७-३८, ६६-७२. मग १० मिनिटं "च"ची दोन वाक्यं फळ्यावर. हे आधी केलं नाही तर पुढे प्रत्येक वाक्याला तोच घोळ होतो. १० मिनिटं सात पायऱ्या, आणि हात वर करून मतदान: कोण कोणती काढतं. उरलेल्या २० मिनिटांत सगळे पक्ष घेऊ नका. ज्या दोन पायऱ्यांना जास्त हात वर आले तेवढ्याच घ्या, आणि प्रत्येकीची किंमतही सांगा. ऑकम शक्यतो वगळा; टिळकांचं उदाहरण मुलांना आवडेल, पण त्यातून पेत्रापर्यंत यायला अर्धा तास जाईल.

तीन ठिकाणी गाडी घसरते.

एक, क्रिकेटच्या रेकॉर्डिंगचं उदाहरण. "निकाल ठाऊक असून मॅच बघितली म्हणून खेळाडू बांधले गेले का?" कुणीतरी देणारच. रेकॉर्डिंग मॅचनंतर होतं, इथे ते टॉसच्या आधी तयार आहे. ऑगस्टीननेही स्मृतीची उपमा दिली होती: तुझ्या आठवणीने भूतकाळाला भाग पाडलेलं नसतं, तसंच देवाच्या पूर्वज्ञानाचं. त्यातही हीच अडचण. कारणाचा मुद्दा सुटतो, पायरी २ चा नाही.

दोन, सटवाई. पाचवीला कपाळावर लिहिलं ते काहीही केलं तरी टळत नाही. तुमच्या करण्याला तिथे हिशेबच नाही. पूर्वज्ञानात तुमचं करणं हाच जाणण्याचा विषय आहे. "नशीब" हा शब्द आला की थांबवा आणि ओरिजेनचा वैद्य सांगा. दुसरा टोला गाळून.

तीन, पूर्वज्ञान आणि पूर्वनियोजन एकाच श्वासात म्हणणं. जिनिव्हावाल्यांसाठी दुसऱ्यातून पहिलं निघतं, मोलिनासाठी दुसरं पहिल्याच्या एका थरावर उभं राहतं. शब्द अदलाबदल झाले की कोण कुणाशी भांडतंय तेच कळत नाही.

यहूदा या वर्गात घेऊ नका. तिथे पूर्वज्ञानाच्या जोडीला "शास्त्रलेख पूर्ण होणं अवश्य होतं" (कृत्ये १:१६) हा वेगळा अटळपणा येतो, आणि मार्क १४:२१ मधलं "त्या माणसाची केवढी दुर्दशा" हेही. पुढच्या आठवड्याला ठेवा.

आणि कोंबडा. "दोनदा" फक्त मार्कमध्ये आहे, बाकीच्या तिघांत नाही. कुणीतरी चार शुभवर्तमानं उघडून बसेल आणि पंधरा मिनिटं त्यात जातील. आधीच सांगून टाका की फरक आहे आणि आपण मार्क वाचतोय.